एक रक्तातून, एक ताटातून

आपलं भांडण अर्धवटच राहिलं, भास्करा, आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे शेवटचं वाक्य तूच बोलून गेलास. "पोरनं लगीन व्हई जाऊ दे अक्का, मंग सांगजो." मी उत्तर देणार तेवढ्यात शोभा पेजेची वाटी घेऊन खोलीत आली आणि तू डोळे मिटलेस. तुला झोप लागली होती की तू वाद टाळत होतास, ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतरही आपण बोललो, पण उशी वर घेऊ का, पाणी हवं का, पंखा कमी करू का, असलंच काहीबाही.

मी तुझ्याशी बोलतेय, पण हे वाचणार आहेत इरा आणि निषाद. माझ्या मेघनाची मुलं, टोरांटोत वाढलेली. त्यांच्या लेखी तू म्हणजे मोटरवाले आजोबा. धुळ्याला आले की तुझ्या दुकानात, विहिरींवरून उचलून आणलेल्या जळक्या मोटरींच्या मध्ये बसून तांब्याच्या तारेच्या बांगड्या करायचे. मराठी त्यांना वाचता येते, पण आपली अहिराणी कळत नाही. म्हणून तुझं बोलणं बहुतेक मराठीतच लिहिते. तुला ते परक्याच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटेल.

मुलांसाठी आधी आपल्या घरातली एक समजूत सांगायला हवी. आपल्या घरात सगळ्यांच्या पोटात जळजळ व्हायची. आबांच्या, काकांच्या, तुझ्या, माझ्या. जेवण झालं की आबा चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात फसफसवून प्यायचे आणि मोठी ढेकर द्यायचे. ती ऐकली की आई म्हणायची, आता झोपायला हरकत नाही. कुणाला ते दुखणं वाटतच नव्हतं. कुणाच्या घरात नाक मोठं असतं, कुणाच्या घरात लवकर टक्कल पडतं, तसं आपल्या घरात पोट जळतं. तू तर अभिमानाने सांगायचास, "आपलं बठ्ठास्नं पोट असंच शे," सगळ्यांचंच असं आहे म्हणून.

शोभा तुझ्याशी लग्न होऊन आली तेव्हा शेवभाजीचा लालभडक रस्सा भाकरी कुस्करून खायची आणि तिला काही व्हायचं नाही. तू तिला चिडवायचास, "परकी आहे अजून." मग एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले होते तेव्हा, जेवणानंतर ती गुपचूप सोड्याच्या डब्याकडे गेली. आईने पाहिलं आणि हसून म्हणाली, "आते तू आपला घरनी झायी." आपण सगळे हसलो. आई स्वतः नवी नवरी असताना तिच्या सासूनेही तिला हेच म्हटलं होतं म्हणे. पोट जळायला लागलं की सून घरात मुरली, असा आपला हिशेब होता.

तू आजारी पडलास आणि आपण नाशिकला त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तेव्हा हे सगळं तू त्यांना गंमत म्हणून सांगितलंस. पोटात गाठ आहे हे तोवर कळलेलं होतं. त्या माहिती लिहून घेत होत्या. घरात अजून कुणाला अ‍ॅसिडिटी आहे? तू म्हणालास, "सगळ्यांना. आमच्या रक्तातच आहे. हिला सुद्धा आमच्या घरात येऊन लागली." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शोभाकडे पाहिलं.

"काका, तुमचं रक्त यांच्या अंगात कसं गेलं?"

तू हसत होतास, तो थांबलास. मीही थांबले. जन्मभर इंग्रजी शिकवलं, जगभरची पुस्तकं वाचली, आणि इतकी साधी गोष्ट मला कधी खटकली नव्हती. जी गोष्ट सुनेला लागते ती रक्तातली कशी असेल?

मग बाईंनी समजावलं. जळजळीची कारणं बरीच असतात, पण आपल्याकडची बहुधा एका जंतूमुळे. तो पोटाच्या अस्तरात घर करून राहतो. बहुतेकांना तो लहानपणी घरातच लागतो, एका ताटातून, एका पेल्यातून, एकमेकांच्या तोंडून. मला तेव्हा काय दिसलं ते सांगते. आई ओसरीवर बसली आहे, तू तिच्या मांडीवर, तुला दात आलेले नाहीत. ती भाकरीचा तुकडा आधी स्वतःच्या तोंडात मऊ करते आणि मग बोटाने तुझ्या तोंडात घालते. तू आ करून पुढचा घास मागतोस. मी हे किती वेळा पाहिलं होतं. आखाजीला एकाच परातीभोवती बसून आपण सगळे रसात मांडे बुडवून खायचो, तेही दिसलं. त्या दोन्ही आठवणी मी फार जपून ठेवलेल्या होत्या. आता त्या आठवताना मला भीती वाटते, आणि भीती वाटते याचा रागही येतो.

जंतू असला की कॅन्सर होतोच असं नाही, हेही बाई म्हणाल्या. तो अर्ध्या देशाच्या पोटात असेल आणि बहुतेकांना काही होत नाही. पण आपल्या आईला पोटाचाच कॅन्सर झाला होता आणि मावशीला छातीचा. म्हणून त्यांनी तुझं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. पेशीत मोडतोड झाली की ती दुरुस्त करणारी काही जनुकं असतात. त्यातलं एक तुझ्यात जन्मापासून बिघडलेलं निघालं. ते आईकडून आलेलं असणार.

तुला हे समजायला वेळ लागला नाही. बाई सांगत होत्या की जंतूमुळे अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहते. सुजेत पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या होतात, पुन्हा मरतात, पुन्हा होतात. प्रत्येक वेळी नक्कल करताना थोड्या चुका होतात. दुरुस्ती करणारा धड असला तर त्या निस्तरतो. तोच लंगडा असला तर चुका साठत जातात. तू मध्येच म्हणालास, "म्हणजे मनी वायंडिंग कच्ची व्हती, आणि मोटर गरम चालनी." बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी मराठी केलं, मोटरीतली तारेची गुंडाळी कच्ची होती आणि मोटर गरम चालत राहिली. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, आता हेच मी सगळ्या पेशंटना सांगेन."

त्या दिवसानंतर मी हे स्वतःशी असं मांडून ठेवलं आहे, आणि इरा-निषाद, तुम्हीही असंच लक्षात ठेवा. आपल्या घरात दोन गोष्टी पिढ्यानपिढ्या आल्या. एक रक्तातून, आईकडून, जिचा आवाज कुणाला कधी ऐकू आला नाही. दुसरी ताटातून, आबांच्या घरातून, जी रोज ढेकर देऊन आपली हजेरी सांगत होती. ताटातली बरी होण्यासारखी होती. तिलाच आपण नशीब समजलो, आणि सोडा पाजून सांभाळलं. आईच्या पोटात या दोघींची पहिली गाठ पडली, तुझ्या पोटात दुसरी.

नाशिकहून परत येताना मालेगाव मागे पडलं. मग आपलं सुरू झालं.

"कच्ची वायंडिंग जळणारच, अक्का. आज नाही तर उद्या."

"तूच शेतकऱ्यांना सांगतोस ना, मोटर थंड ठेव, लोड देऊ नको, कच्ची असली तरी चालेल म्हणून?"

"ते गिऱ्हाईकाला सांगायचं असतं."

"आणि स्वतःला?"

"स्वतःला काय सांगायचं? स्वतःला माहीत असतं."

शोभा पुढच्या सीटवरून म्हणाली, "गाडीत तरी भांडू नका दोघं." तू तिला म्हणालास, "भांडत नाही, अक्का माझा पेपर तपासतेय."

माझा राग कशाचा होता हे तुला ठाऊक होतं. मेघना शाळेत होती तेव्हा माझं पोट जळगावच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासलं होतं, जंतू सांगितला होता आणि गोळ्यांचा कोर्स दिला होता. तोंडाची चव गेली, मळमळलं, तरी मी तो पुरा केला. पुढे तुलाही त्यांच्याकडे घेऊन गेले. तुलाही त्याच गोळ्या मिळाल्या. चार-सहा दिवसांत तुझी जळजळ थांबली आणि तेवढ्यात आखाजी आली. तू मला फोन केलास. "अक्का, आंब्याचा रस पत्रा चाटल्यासारखा लागतो. आणि पोट आता गार आहे. उरलेल्या गोळ्या कशाला?" मी ओरडले. तू म्हणालास, "सणाला ओरडू नये." जळजळ गेली म्हणजे दुखणं गेलं, असं तू धरलंस. मोटरीला हात लावून गरम आहे की नाही सांगणारा तू. हाताला गार लागली की काम झालं.

मी बाईंना एकटीने विचारलं होतं, की त्या गोळ्या तू पुऱ्या केल्या असत्यास तर?  त्या म्हणाल्या, "धोका कमी झाला असता, एवढं म्हणता येईल. हे झालंच नसतं, असं म्हणता येणार नाही." मला त्यांच्याकडून यातलं एक ठाम वाक्य हवं होतं, कुठलंही चाललं असतं. ते मिळालं नाही. तुझ्यावर पूर्ण रागावता येत नाही आणि पूर्ण रडताही येत नाही, अशा जागी मी अडकले आहे.

आणि तुझ्यावर रागवायचा मला हक्क तरी कुठे आहे? मी शिकले ती तुझ्यामुळे. मुलीला जळगावला होस्टेलवर ठेवायला आबा तयार नव्हते. तू माझ्याहून लहान. शाळा सोडून वर्कशॉपला जाऊ लागला होतास, नखं काळी असायची. जेवताना तू मान खाली घालूनच म्हणालास, "आबा, तिले जाऊ द्या. नही तं ती घर बसीसन मालेच शिकाडी." घरी बसून मलाच शिकवील म्हणे! आबांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार दिला. माझी ट्रंक तूच होस्टेलच्या दारापर्यंत आणलीस, आणि आत येऊ देईनात म्हणून फाटकाशी उभा राहून म्हणालास, पंख्याचा आवाज आला तर बेअरिंग बदलायला सांग. मी घराबाहेर पडले म्हणून जळगावच्या डॉक्टरांपर्यंत पोचले. कोर्स पुरा करायची शिस्त मला त्याच शिक्षणाने दिली. तू मला ज्या दारातून बाहेर काढलंस त्या दारातून मी तुला ओढून घेऊ शकले नाही. 

आता जे तुला सांगितलं नाही ते.

माझंही रक्त तपासणीला गेलं होतं. तुझं जेवण पूर्ण थांबलं त्याच सुमारास त्याचं उत्तर आलं. जे तुझ्यात होतं तेच माझ्यात आहे. मी धुळ्याला तुझ्या उशाशी बसले होते, तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही. तुला कळलं असतं तर तू हिशेब केला असतास की दोघांची वायंडिंग सारखी, मग एकच कशी जळाली. त्या अवस्थेत तुझ्या मनात तो विचार मला घालायचा नव्हता. आता वर्षातून एकदा दुर्बीण आणि छातीची तपासणी, असं माझं ठरलं आहे. मेघनाला फोनवर सगळं सांगितलं आहे. तिच्यात असण्याची शक्यता अर्धी. तिच्यात नसेल तर इरा आणि निषादचा प्रश्न तिथेच संपला. असेल तर मुलांनो, तुम्ही तपासून घ्यायचं. घाबरून नाही, वेळेवर. आणि पोटातला तो जंतू तर तिघांनीही आत्ताच तपासायचा, त्याला रक्ताची वाट बघायची गरज नाही.

राहिली तुझी लेक वैशू, जिचं लग्न होईपर्यंत तिला हे सांगू नको म्हणून तू मला थांबवलं होतंस.

तुझी भीती खोटी नव्हती, भास्करा. शिरपूरचं स्थळ. मुलगा चांगला, दोघं एकमेकांशी बोलतात, सुपारी तेवढी फुटायची बाकी. 'घराण्यात आहे' हे दोन शब्द एकदा बाहेर पडले की आपल्याकडे काय होतं, हे मलाही ठाऊक आहे. तू गेलास आणि गोष्ट आणखी अवघड झाली. आता एक तर वर्षाच्या आत लग्न उरकायची घाई, नाही तर वर्षभर थांबणं, आणि सांगणारी फक्त मी. मी एक पळवाटही शोधली होती. वैशूला नुसतं जंतूचं सांगायचं, रक्ताचं नाही. पोटाची तपासणी कर, गोळ्या घे, पुऱ्या घे. तुझा शब्दही राहिला असता आणि अर्धं काम झालं असतं. दोन दिवस मी या पळवाटेत बरी राहिले. पण बाईंचं बोलणं आठवत राहिलं. सूज गेली तरी जनुक राहतं, आणि ज्यांच्यात ते आहे त्यांना आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं. लक्ष कशावर ठेवायचं हेच न सांगता लक्ष ठेव कसं म्हणणार?

दुखवटा संपवणाऱ्या, तुझ्या गंधमुक्तीच्या दिवशी पंगती उठल्यावर वैशू मागच्या अंगणात भांडी मोजून देत होती. मी जवळ गेले. मी, तिची आत्या, तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "फुई, पप्पांना झालं ते मला होऊ शकतं, हेच ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मी खोलीत आले की तुम्ही दोघं वांग्याच्या भरताबद्दल बोलायला लागायचे. पप्पांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं आणि तुम्ही हिरवी वांगी की जांभळी यावर चर्चा करत होता."

मग मी सगळं सांगितलं, दोन्ही. तिने भांडीवाल्याला डाव नीट मोजून दिले, तो गेला, मग ती पायरीवर बसली. मी म्हटलं, आधी तपासणी कर, काय येतं ते बघू, मग शिरपूरकरांचं ठरवू. ती म्हणाली, "नाही फुई. आधी सांगते. नंतर सांगितलं तर लपवलं म्हणतील, आणि तेव्हा ते खरंच असेल." तिथे बसूनच तिने मुलाला फोन लावला. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "घरी बोलतो." एवढंच. त्यानंतर त्याचा एक मेसेज आला, जेवलीस का म्हणून. त्याच्या आईचा फोन मात्र आलेला नाही.

शोभा माझ्याशी बोलत नाही. म्हणजे चहा देते, अंथरूण घालते, पण बोलत नाही. एकदाच बोलली. "अक्का, त्यांनी तुमच्याकडे एक गोष्ट मागितली होती. एकच."  तिचं बरोबर आहे. जेवणानंतर ती अजूनही सोड्याच्या डब्याकडे जाते. शोभा, तूही तपासून घे, असं मी दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा ती माझ्याकडे न बघता आत गेली.

म्हणून मी जळगावला परत न जाता इथेच थांबले आहे. आज सकाळी वैशूबरोबर तपासणीचं रक्त द्यायला गेले होते. रांगेत माणसं होती, आणि धुळ्यातलं कुणी ना कुणी तुला नाना म्हणून ओळखणारं असणारच. टेबलावरच्या मुलीने विचारलं, घरात कुणाला होतं? वैशू साध्या आवाजात म्हणाली, "वडिलांना. पोटाचा कॅन्सर. आजीलाही." माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या टोपीवाल्या माणसाने मान वर केली.

"नानानी पोर का तू? मोटरवाला नानानी?"

"हो."

"तुना बापले तेच व्हतं का? आम्हले कोनी सांगं नही."

 तो कुठल्या गावचा, त्याचे सोयरे कुठे, शिरपूरला त्याचं कोण, इतकं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. हा संध्याकाळपर्यंत घरी पोचेल आणि उद्या पंचक्रोशीत होईल. तू जे झाकून ठेवलं होतंस ते तुझ्या मुलीने बाकावर बसलेल्या दहा माणसांत ठेवलं होतं, आणि त्याला मी कारण होते. मी त्या माणसाला काहीतरी बोलून विषय बदलणार होते. मला ते चांगलं जमतं, भरताचा सराव आहे.

वैशूने त्याला उत्तर दिलं, "हां बाबा, तेच व्हतं." मग ती स्टुलावर बसली, बाही वर सरकवली आणि सुई तयार करणाऱ्या मुलीला विचारू लागली, डावा हात देऊ की उजवा.